हवा गेली की ब्रेक लागतो: जॉर्ज वेस्टिंगहाउसची गोष्ट

टोलनाक्यावर ट्रक उभा राहिला की त्याच्या पोटातून फुस्स असा मोठा आवाज येतो. अनेकांना वाटतं टायरची हवा गेली. तसं काही नसतं. ड्रायव्हरने ब्रेकमधली हवा सोडलेली असते, आणि हवा सोडल्यामुळेच ट्रकची चाकं घट्ट धरली जातात. उलटं वाटतं ना? हवेवर चालणारा ब्रेक, आणि हवा गेली की तो लागतो!

ही उलटी कल्पना दीडशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन तरुणाने रेल्वेसाठी पक्की केली. नाव जॉर्ज वेस्टिंगहाउस. टेस्ला आणि एडिसनचे व्हिडिओ पाहिले असतील तर हे नाव कानावर आलं असेल. तुमच्या फोनचा चार्जर ज्या एसी विजेच्या सॉकेटमध्ये लागतो, ती वीज घरोघर नेण्यात या माणसाचा पैसा आणि हट्ट दोन्ही होते. पण विजेची गोष्ट खूपदा सांगून झाली आहे. त्याचं आधीचं काम मागे राहतं, आणि माझ्या मते तेच जास्त मोठं आहे. तो प्रश्न असा: एका गाडीमागे दुसरी गाडी जोडून ओढायची, तर ती मागची गाडी थांबवायची कोणी?

ओढणं सोपं असतं, त्यासाठी इंजिनात ताकद लागते, बस. थांबवणं अवघड. दीड टनाच्या कारमागे दीड टनाचा बिनब्रेकचा ट्रेलर लावला, तर कारच्या त्याच चार ब्रेकना तीन टन थांबवायचे असतात. त्यात वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. उतारावर तर मागचा ट्रेलर कारला पुढे ढकलायला लागतो. कार जरा तिरकी असेल तर ट्रेलर तिचा मागचा भाग बाजूला फेकतो आणि दोन्ही मिळून कात्रीसारखी घडी होते. आता कारच्या जागी इंजिन ठेवा आणि एका ट्रेलरच्या जागी पन्नास डबे. वेस्टिंगहाउसच्या लहानपणी अमेरिकेतली रेल्वे ही अशी धावत होती.

कारखान्यातलं पोर

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या छोट्या गावात झाला. दहा भावंडांत तो आठवा. वडील शेतीची अवजारं आणि यंत्रं बनवायचे. पुढे त्यांनी स्केनेक्टडी शहरात कारखाना काढला, आणि जॉर्जची खरी शाळा तीच झाली. वर्गात त्याचं मन रमायचं नाही, लेथवर रमायचं.

अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा हा पंधराएक वर्षांचा होता. सैन्यात जायला निघाला, घरच्यांनी परत आणलं. नंतर परवानगी मिळाली आणि तो उत्तरेच्या बाजूने आधी घोडदळात, मग नौदलात गेला. नौदलात जहाजाच्या इंजिन विभागात काम मिळालं. युद्ध संपल्यावर घरी आला, कॉलेजात नाव घातलं आणि काही महिन्यांतच सोडून दिलं. त्याच वर्षी, १८६५ मध्ये, फिरत्या वाफेच्या इंजिनाचं त्याचं पहिलं पेटंट निघालं. वय वर्षं १९. ते इंजिन फारसं कुठे चाललं नाही, पण पेटंट म्हणजे काय आणि ते कसं मिळवायचं हे पोराला कळलं. त्याचा उपयोग त्याने आयुष्यभर केला. एकूण पेटंटं साडेतीनशेच्या पुढे गेली.

दुसरी कल्पना जास्त कामाची निघाली. त्या काळी डबे रुळावरून घसरणं रोजचंच होतं. पहारी लावून, माणसं जमवून एकेक डबा वर घ्यायला तासन् तास जायचे. जॉर्जने एक साधन बनवलं. घसरलेल्या चाकांपासून रुळापर्यंत तिरके लोखंडी तुकडे जोडायचे, आणि इंजिनाने डबा ओढला की तो त्यांच्यावर चढून आपोआप रुळावर येतो. आज ब्रेकडाउन व्हॅनवाले खड्ड्यात गेलेली गाडी फळ्या टाकून बाहेर काढतात, त्याच जातीची युक्ती. हे साधन विकायला तो रेल्वे कंपन्यांच्या दारोदार फिरू लागला. त्या फिरण्यात रेल्वे आतून कळली. १८६७ मध्ये मार्गरेट वॉकरशी लग्न झालं; तिची पहिली भेटही रेल्वेच्या डब्यातच झाली होती.

दोन ड्रायव्हर, दोघांनाही दिसत होतं

१८६६ च्या सुमारास स्केनेक्टडी आणि ट्रॉय या गावांच्या मधे जॉर्जची गाडी अडकली. पुढे दोन मालगाड्या समोरासमोर आदळल्या होत्या. दिवस उजेडाचा, रूळ सरळ, जमीन सपाट. दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसली होती, पण थांबवायला वेळच पुरला नाही.

का पुरला नाही, ते समजून घ्यायला तेव्हाचा ब्रेक कसा होता ते बघू. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीच्या टपावर एक आडवं चाक असायचं. ते फिरवलं की खाली साखळी गुंडाळली जायची आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जायचे. हे चाक फिरवायला टपावर माणसं असायची. ड्रायव्हरने शिट्टी मारली की ही माणसं धावत्या गाडीच्या टपावरून एका वाघिणीवरून दुसरीवर उड्या मारत जायची आणि एकेक चाक आवळायची. पावसात, बर्फात, रात्रीच्या अंधारात. घसरून पडणं, दोन वाघिणींच्या फटीत जाणं हे ठरलेलं. त्यातून वाघिणी जोडताना हाताने कडीत खिट्टी घालावी लागायची, त्यात बोटं जायची. म्हातारा कर्मचारी दहाही बोटं घेऊन निवृत्त झाला तर नवल, अशी परिस्थिती होती.

जॉर्जच्या डोक्यात बसलं ते एवढंच की ब्रेक ड्रायव्हरच्या हातात असला पाहिजे आणि तो सगळ्या डब्यांना लागला पाहिजे.

त्याची पहिली कल्पना बघण्यासारखी आहे. इंजिनाने ब्रेक मारला की मागचे डबे पुढे सरकून एकमेकांना ढकलतात. मग त्या ढकलण्याच्या जोरानेच प्रत्येक डब्याचा ब्रेक लावला तर? रेल्वेच्या लांब गाडीला हे जमण्यासारखं नव्हतं आणि त्याने ते सोडून दिलं. पण आज युरोपमध्ये कारमागे जो मध्यम वजनाचा ट्रेलर किंवा कॅरव्हॅन दिसते, तिचा ब्रेक याच तत्त्वावर चालतो. कार हळू झाली की ट्रेलर पुढे येतो, जोडणीतला दांडा आत दाबला जातो आणि त्याने ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. ना वायर, ना हवा. तिथे ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर बिनब्रेकचा चालतो, त्याच्यावर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच. एका ट्रेलरला ही युक्ती पुरते, पन्नास डब्यांना नाही.

मग साखळी. गाडीच्या खालून एक लांब साखळी न्यायची आणि इंजिनातून ती ताणायची. अशी एक गाडी त्याने शिकागोत पाहिली. चारपाच डब्यांपुढे साखळीचा काही उपयोग नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग वाफ. प्रत्येक डब्याखाली एक सिलिंडर आणि इंजिनातून वाफेचा पाइप. पण वाफ लांब पाइपातून जाताना थंड होऊन पाणी होते. तेही गेलं.

उत्तर मिळालं ते एका मासिकात. फ्रान्स आणि इटलीच्या मधे आल्प्स पर्वतात तेव्हा मोठा बोगदा खोदणं चालू होतं. खोदणारी यंत्रं बोगद्याच्या तोंडापासून दूर आत होती, आणि ती दाबलेल्या हवेवर चालत होती. हवा पाइपातून तीन हजार फूट आत जाऊनही तिचा जोर टिकत होता. हवा काही थंड होऊन पाणी होत नाही. डोंगराच्या पोटात जाते तर गाडीच्या खालून का नाही जाणार?

घोडागाडीवाला वाचला

पैसा नव्हता. रेल्वेवाल्यांना हा बावीस वर्षांचा पोरगा वेडा वाटायचा. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या रेल्वेमालकाने, व्हँडरबिल्टने, वाऱ्याने गाडी थांबवायला निघालेल्या मुलाला हसून घालवून दिलं असं सांगतात. ही गोष्ट खरी असो नसो, दारं बंद होती एवढं नक्की. शेवटी पिट्सबर्गमध्ये राल्फ बॅगली नावाचा भागीदार भेटला आणि एका रेल्वेने परवानगी दिली. अट अशी की खर्च तुमचा, आणि आमचं इंजिन-डबे खराब झाले तर भरपाईही तुमची.

इंजिनावर वाफेने चालणारा हवेचा पंप, एक टाकी, डब्यांखालून पाइप, प्रत्येक डब्याखाली सिलिंडर. डॅनियल टेट नावाचा ड्रायव्हर होता. पहिल्याच फेरीत, पिट्सबर्गच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि पुढच्या फाटकावर रुळातच एक घोडागाडी. घोडे बिथरले, गाडीवान खाली पडला. टेटने नव्या ब्रेकचा दांडा फिरवला. मागच्या डब्यात बसलेली बडी मंडळी खुर्च्यांवरून पुढे आदळली, आणि गाडी त्या माणसापासून काही फुटांवर थांबली. रागाने उतरलेल्या साहेबलोकांनी समोरचं दृश्य पाहिलं आणि प्रात्यक्षिकाची गरजच उरली नाही.

१३ एप्रिल १८६९ रोजी पेटंट मिळालं, त्याच वर्षी कंपनी उभी राहिली.

त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे बोर घाटात एक मेल गाडी उतारावर सुटली होती. मुंबई-पुणे मार्गावरचा हा घाट १८६३ मध्ये रेल्वेला खुला झाला, आणि त्याचा उतार काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका. रेल्वेच्या हिशोबाने हे फार झालं. खाली येणारी गाडी ताब्यात राहिली नाही तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढावर घालायची, म्हणून या घाटात वेगळे फाटे ठेवलेले आहेत. कर्जत-लोणावळा प्रवासात खिडकीतून डोंगरावर चढत जाऊन संपणारा एखादा रूळ दिसला असेल, तो हाच. एक्स्प्रेसवेवर किंवा घाटरस्त्यांवर ब्रेक फेल झालेल्या ट्रकसाठी वाळूचा चढ केलेला असतो, त्याचा हा रेल्वेतला थोरला भाऊ.

आधीच्या ब्रेकमधली मोठी खोट

आता मुख्य भाग. जॉर्जचा पहिला ब्रेक सरळ होता: इंजिनातल्या टाकीतून हवा सोडली की ती पाइपातून डब्यांच्या सिलिंडरात जाते आणि ब्रेक लागतो. म्हणजे हवा आली की ब्रेक.

पण समजा चढावर जोडणी तुटली आणि मागचे सहा डबे सुटले. पाइपही तुटला. आता त्या सहा डब्यांपर्यंत हवा जाणार कशी? ज्या क्षणी ब्रेक सगळ्यात जास्त हवा, त्याच क्षणी तो नाही. पुढच्या डब्यांचाही नाही, कारण तुटलेल्या टोकातून हवा बाहेर जाते. शिवाय मधे कुठे पाइपला भोक असेल तर ते ब्रेक मारेपर्यंत कळतच नाही. इंग्लंडला गेल्यावर तिथल्या तज्ज्ञांकडूनही हाच आक्षेप त्याच्यापुढे आला.

धंदा जोरात चालू होता. दुसरा कोणी असता तर पाइप जाड करून मोकळा झाला असता. जॉर्जने १८७२ मध्ये सगळी रचनाच उलटी केली.

नव्या रचनेत प्रत्येक डब्याला स्वतःची हवेची टाकी दिली. पॉवर बँक म्हणा. गाडी चालू असताना मुख्य पाइपात कायम दाब असतो, आणि त्यातून प्रत्येक डब्याची टाकी भरलेली राहते. टाकी, सिलिंडर आणि पाइप यांच्या मधे एक व्हॉल्व्ह. तो सतत एकच गोष्ट बघतो: पाइपातला दाब टाकीपेक्षा कमी झाला का? कमी झाला की तो टाकीतली हवा सिलिंडरात सोडतो आणि ब्रेक लागतो. पाइपात दाब परत आला की सिलिंडरातली हवा बाहेर, ब्रेक मोकळा, टाकी पुन्हा भरायला लागते. भरणं, लावणं, सोडणं अशी तीन कामं, म्हणून त्याला ट्रिपल व्हॉल्व्ह म्हणतात.

म्हणजे ड्रायव्हरला ब्रेक लावायचा असेल तर तो हवा पाठवत नाही, तो हवा काढून टाकतो. आणि जोडणी तुटली, पाइप फाटला, कुणी कापला, तरी हवा जातेच. मग सुटलेले डबे स्वतःच्या टाकीवर स्वतः थांबतात, पुढचेही थांबतात. कुणी काही करावं लागत नाही. दुकानाच्या चोरघंटीची वायर कापली तर घंटा गप्प बसण्याऐवजी वाजू लागते, तसं. प्रत्येक बिघाड थांबण्याच्या बाजूला झुकवलेला.

मी अनेक यंत्रांबद्दल वाचतो, पण एवढ्या साध्या उलटापालटीत एवढा मोठा फरक क्वचितच सापडतो.

अर्थात सगळ्यांनी ते लगेच घेतलं नाही. ब्रिटनमध्ये पुष्कळ रेल्वे कंपन्या साध्या, स्वस्त ब्रेकवर चालत राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीची एक खचाखच भरलेली गाडी चढावर अडकली. गाडीत बरीच लहान मुलं होती. इंजिनाला ओढवेना म्हणून गाडी दोन भागांत नेण्याचं ठरलं. मागचे दहा डबे सोडले. त्या गाडीचा ब्रेक आपोआप लागणाऱ्या जातीचा नव्हता. पाइप सुटताच त्या दहा डब्यांना उरला फक्त गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, धक्का लागला, दगड चिरडले आणि दहा डबे उतारावरून मागे सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. जॉर्जचा ट्रिपल व्हॉल्व्ह तोपर्यंत सतरा वर्षांचा झाला होता.

चाक लॉक होणं म्हणजे थांबणं नव्हे

१८७८ मध्ये इंग्लंडमध्ये डग्लस गॅल्टन या अभियंत्याबरोबर जॉर्जने ब्रेकचे प्रयोग केले. त्यासाठी मोजमापाची उपकरणं लावलेला खास डबा होता. तोवर सर्वसाधारण समज असा की ब्रेक इतका जोरात दाबावा की चाक फिरायचंच थांबेल. प्रयोगात उलटं निघालं. चाक फिरत असताना ब्रेक जास्त पकडतो. चाक लॉक होऊन रुळावर घसरायला लागलं की पकड एकदम घटते आणि गाडी जास्त लांब जाते. आज बाइकच्या जाहिरातीत एबीएस म्हणून जे विकलं जातं, त्यामागचं कारण हेच. रिकाम्या ट्रेलरलाही हे लागू आहे: वजन नसल्यामुळे त्याची चाकं लगेच लॉक होतात आणि तो नाचायला लागतो.

पन्नास वाघिणींची परीक्षा

प्रवासी गाड्या जिंकल्या, पण मालगाड्या अजून टपावरच्या माणसांवर चालत होत्या. १८८६ आणि १८८७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बर्लिंग्टन इथे मोठी चाचणी झाली. पन्नास वाघिणींची गाडी, वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रेक. तिथे वेस्टिंगहाउसचा ब्रेक अडखळला. इंजिनाजवळ पाइपातला दाब कमी केला तरी ती खबर पन्नासाव्या वाघिणीपर्यंत पोचायला बराच वेळ जायचा. पुढच्या वाघिणी थांबलेल्या, मागच्या अजून पळतायत. परिणाम: मागच्या टोकाला असा दणका की आतली माणसं आपटून पडायची. अनेक जाणकार म्हणू लागले की लांब मालगाडीला हवेचा ब्रेक चालणार नाही, वीजच लागेल.

त्याने पिट्सबर्गला परत जाऊन काही महिन्यांत नवा व्हॉल्व्ह काढला. दाब घटल्याचं कळताच प्रत्येक वाघिणीचा व्हॉल्व्ह आता पाइपातली थोडी हवा स्वतःही काढून घ्यायचा. म्हणजे खबर पुढच्याने मागच्याला देत, साखळीने, झपाट्याने शेवटपर्यंत जायची. सगळी हवा इंजिनाच्या एकाच तोंडातून निघायची गरज उरली नाही. १८८७ च्या शेवटी तो पन्नास वाघिणींची गाडी घेऊन शहराशहरांतून फिरला आणि लोकांसमोर थांबवून दाखवली. १८९३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला: गाड्यांना हवेचे ब्रेक आणि हात न घालता जोडता येणाऱ्या जोडण्या. टपावरच्या उड्या त्यानंतर काही वर्षांत थांबत गेल्या.

यातली एक गोष्ट फोन वापरणाऱ्यांना लगेच पटेल. त्याचा हट्ट असायचा की एका रेल्वेचा डबा दुसऱ्या रेल्वेच्या गाडीला जोडला तरी ब्रेक चालला पाहिजे, आणि नवा व्हॉल्व्ह जुन्या व्हॉल्व्हबरोबर एकाच गाडीत नांदला पाहिजे. सगळ्यांचा चार्जर एक, असा प्रकार. यात धंद्याचा फायदाही होता, कारण चार्जर त्याचाच होता! पेटंटसाठी तो कोर्टात भांडायलाही कमी करायचा नाही, आणि १८९८ मध्ये एक मोठा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरलादेखील. पण कामगारांच्या बाबतीत तो काळाच्या पुढे होता. शनिवारी अर्धी सुट्टी त्याने १८७० च्या दशकातच सुरू केली होती.

विजेचं थोडक्यात. १८८६ मध्ये त्याने विजेची कंपनी काढली, १८८८ मध्ये टेस्लाची पेटंटं घेतली, १८९३ मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन उजळलं आणि नायगाराच्या धबधब्यावर वीज केली. मग १९०७ च्या आर्थिक संकटात तीच विजेची कंपनी त्याच्या हातातून गेली. ब्रेकची कंपनी राहिली. शेवटच्या वर्षांत तो मोटारगाड्यांकडे वळला होता. खडबडीत रस्त्यावर धक्के कमी बसावेत म्हणून हवेच्या स्प्रिंगवर काम करत होता. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. यादवी युद्धातला सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरलं.

रुळावरून रस्त्यावर

त्याच्या मागे १९२० च्या दशकात हवेचे ब्रेक ट्रकवर आले. आज कंटेनरच्या ट्रेलरला पुढून दोन हवेचे पाइप जोडलेले दिसतात. एक रोजच्या ब्रेकचा. दुसरा, लाल टोकाचा, ट्रेलरच्या टाकीला कायम हवा देणारा. ट्रेलर सुटून लाल पाइप तुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. १८७२ चीच कल्पना, फक्त रबरी टायरवर. ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्येही तेच: एक दणकट स्प्रिंग चाक धरून ठेवते, आणि हवा तिला दाबून मागे ठेवते. हवा सोडली की फुस्स, आणि स्प्रिंग मोकळी.

परदेशात असलेल्या मित्राकडे कारचा ट्रेलर असेल तर त्याच्या पुढच्या टोकाला एक बारीक वायर बघा. तिचं एक टोक कारला अडकवतात. ट्रेलर सुटला की ती ताणली जाऊन ट्रेलरचा ब्रेक ओढते. ती जोडणीच्या हुकाला नाही, कारच्या पक्क्या भागाला लावायची असते, नाहीतर हुकाबरोबर तीही सुटेल. साखळ्या असतील तर जोडणीच्या खालून फुलीसारख्या आडव्या लावायच्या, म्हणजे दांडा निसटला तरी तो त्यांच्यावर टेकतो, रस्त्यात रुतत नाही. आणि सामान भरताना जास्त वजन चाकांच्या पुढच्या बाजूला. मागे वजन गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तसा हलला तर वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा.

आपल्याकडे कारचे ट्रेलर कमी. टोचन मात्र सगळ्यांना माहीत. बंद पडलेली गाडी दोराने ओढताना मागच्या गाडीत बसणाऱ्याला हे कळलं पाहिजे की इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकला मिळणारी मदत दोनतीनदा पेडल दाबल्यावर संपते. मग पेडल दगडासारखं कडक होतं, पूर्ण पायाचा जोर द्यावा लागतो. स्टिअरिंगही जड होतं, आणि किल्ली काढून घेतली तर ते लॉक होऊ शकतं. म्हणून किल्ली चालू स्थितीत, वेग सायकलच्या आसपास, दोर ताठ, आणि थांबायचं असेल तेव्हा मागच्याने आधी ब्रेक लावायचा. ब्रेकच गेला असेल तर दोर नकोच, गाडी उचलून नेणारी व्हॅन बोलवा. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांनाही तेच.

ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून जातात. त्यातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. बाइकवर असाल तर चढावर त्यांच्या मागे चिकटून थांबू नका, कारण खिट्टी निघाली तर ती ट्रॉली तुमच्याकडेच येणार. आणि उतारावर ओव्हरटेक केलं तर लगेच समोर येऊन वेग कमी करू नका. ड्रायव्हरने ब्रेक मारला तरी मागच्या ट्रॉल्यांना त्याची खबर मिळत नाही.